नानांचे तीन खड्डे

"ते सगळं ठीक आहे हो, पण तुमचं शेवटी जाणार कुठं?"

बांधकाम परवानगीच्या कार्यालयातल्या कारकुनानं असं विचारलं, तेव्हा नाना क्षणभर गंभीर झाले. निवृत्त माणसाला असा प्रश्न कुणी भर दुपारी, खिडकीच्या जाळीतून विचारेल, अशी त्यांची अपेक्षा नव्हती. शेवटी आपलं कुठं जाणार याचा विचार त्यांनी अधूनमधून केलेला होता, पण उत्तर काही हाती लागलं नव्हतं. ते हळू आवाजात म्हणाले, "ते काय आपल्या हातात आहे?"

"मग कुणाच्या हातात आहे?" कारकून म्हणाला आणि त्यानं नकाशावर पेन्सिलीचं टोक टेकवलं. तिथं नानांनी स्वतःच्या हातानं, पट्टी लावून, एक छोटा चौकोन काढला होता आणि त्यात सुबक अक्षरांत 'संडास' असं लिहिलं होतं. त्या चौकोनात यायला दार होतं. त्यातून बाहेर पडणारी रेघ मात्र कुठंच नव्हती.

नाना वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. दुकानदारांचे तराजू तपासण्यात हयात गेली. गल्लीत त्यांना मागून 'मिलीमीटर' म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. अशा माणसाच्या नकाशात एवढी मोठी गोष्ट राहून जावी, आणि ती एका सर्दी झालेल्या कारकुनानं दाखवावी, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

नकाशातलं घर साधंच होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं पडवी. विशेष एवढंच, की त्या घरात पायरी नव्हती. उंबरठासुद्धा नव्हता. ते राहत होते त्या इमारतीत त्यांचा चौथा मजला होता, पायऱ्या होत्या आणि लिफ्टसाठी सोडलेली जागा होती. लिफ्ट मात्र कधी आली नाही, त्या जागेत मोडक्या सायकली उभ्या होत्या. नानींचे दोन्ही गुडघे गेले, तेव्हापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. भाजीसाठी गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी सोडायच्या. माणसं त्यांना वरूनच दिसत, म्हणजे डोकी दिसत. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "आपल्या वकिलांना टक्कल पडलंय, हे त्यांना कुणी सांगितलंय का?" तेव्हा नाना हसले होते. रात्री मात्र त्यांना झोप लागली नव्हती.

म्हणून ही जमीन. ती शोधून दिली नानींच्या भावानं, म्हणजे नानांच्या मेहुण्यानं. मेहुण्याला जगातल्या सगळ्या गोष्टींतलं थोडंथोडं कळत असे आणि एवढ्या भांडवलावर तो मोठा आत्मविश्वास बाळगून होता. शहराबाहेर, डांबरी रस्ता संपतो तिथून पुढं, एका रोपवाटिकेला लागून हा तुकडा होता. मेहुण्यानं कमरेवर हात ठेवून सगळीकडं नजर फिरवली आणि म्हणाला, "भाऊजी, आसपास सगळं वाळलंय, पण इथलं गवत बघा. बारा महिने हिरवंगार. अशी जमीन दिवा घेऊन शोधलीत तरी मिळणार नाही." नानांनी गवत पाहिलं. खरंच हिरवं होतं. बेडूकही होते. इतकं हिरवं का आहे, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. हिरवं असणं हे त्यांना स्वतःच पुरेसं कारण वाटलं.

कारकून वाईट नव्हता. त्यानं नाक पुसत सगळं समजावून सांगितलं. तिकडं गटाराची लाइन नाही, तेव्हा सेप्टिक टँक हवा. टँकमधलं पाणी जिरवायला शोषखड्डा हवा. पण जमीन ते पाणी जिरवेल की नाही, हे आधी बघायला लागतं. खड्डा घ्यायचा, पाणी भरायचं, आणि ते किती वेळात किती उतरतं ते मोजायचं. फार भराभर उतरलं तर चालत नाही, फार हळू उतरलं तरी चालत नाही. शिवाय खालचं भूजल पुरेसं खोल असलं पाहिजे. "कुणा जाणकाराकडून करून घ्या," तो म्हणाला.

"मोजायचंच आहे ना?" नाना म्हणाले. "मग मी मोजीन."

ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. चाळीस वर्षं ज्यांनी साखळी ओढून मागं वळूनही पाहिलं नव्हतं, ते सगळे एकाएकी या विषयात बोलू लागले. तळमजल्यावरचे वकील म्हणाले, की कायद्यात 'जिरणे' या शब्दाची व्याख्याच नाही, तेव्हा नानांनी बिनधास्त राहावं. समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंच्या मते या सगळ्यापेक्षा माणसानं कमी खाणं बरं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी नानांना जिन्यात थांबवलं, इकडंतिकडं पाहिलं आणि कानात सांगितलं, की त्यांच्या साडूनं घर बांधलं तेव्हा टँक फक्त नकाशात दाखवला होता. "मग जातं कुठं?" नानांनी विचारलं. हा प्रश्न आता त्यांच्याही तोंडी बसला होता. गृहस्थ म्हणाले, "ते त्यानं कधी विचारलं नाही."

पहिला खड्डा नानांनी कुंपणाजवळ घेतला. खणायला एक खड्डेवाला बोलावला होता. फार आनंदी माणूस. प्रत्येक फावड्याला तो माती हातात घेई, चोळी आणि म्हणे, "एक नंबर माती." खाली खडी टाकली, कडेला पट्टी रोवली, रोपवाटिकेच्या बाईंकडून नळी घेतली, पाणी भरलं आणि नाना घडीची खुर्ची टाकून, मांडीवर घड्याळ ठेवून बसले.

या बाई म्हणजे मोठं मायेचं माणूस. साठीच्या आसपासच्या, एकट्याच राहणाऱ्या. मागं त्यांचं बैठं घर, बाजूला विहीर, पुढं रोपांच्या रांगा. नाना आले की त्या न विचारता चहा आणत आणि पिण्याच्या पाण्याची कळशी ठेवून जात. नाना काय करताहेत हे समजल्यावर त्या कौतुकानं म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी टाकी स्वतःच्या हातानं बांधली बरं का. इतकी वर्षं झाली, एकदाही उपसावी लागली नाही. कधी भरलीच नाही." नानांनी मान डोलावली. पूर्वीच्या लोकांच्या कामाला तोड नसते, असं काहीतरी ते म्हणाले.

तेवढ्यात खड्ड्यातलं पाणी नाहीसं झालं. उतरलं, असं म्हणता येणार नाही. नानांनी बाईंकडं पाहिलं तेव्हा होतं आणि मान वळवली तेव्हा नव्हतं. त्यांनी पुन्हा भरलं. पुन्हा गेलं. नानांची छाती अभिमानानं फुलली. अशी तहानलेली जमीन आपल्या वाट्याला आली, हे नशीबच. तिसऱ्यांदा नळी लावली तेव्हा पलीकडून बाईंची हाक आली. जमिनीखाली घुशींचं बीळ होतं, ते खड्ड्यापासून थेट रोपवाटिकेत उघडत होतं, आणि नानांनी मोजूनमापून ओतलेलं सगळं पाणी गुलाबाच्या कलमांमधून वाहत, पिशव्यांतली माती बरोबर घेऊन रस्त्याकडं निघालं होतं. नाना पँट वर करून चिखलात उतरले आणि संध्याकाळपर्यंत कलमं सरळ करत बसले. बाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट चहा दिला. रागावल्या असत्या तर बरं, असं नानांना वाटत राहिलं.

दुसरा खड्डा मधोमध घेतला. "एक नंबर माती," खड्डेवाला म्हणाला. ती चिकणमाती होती. फावडं आत गेलं की बाहेर येताना खड्डेवालाच आत ओढला जाई. पाणी भरलं ते तसंच राहिलं. नाना दिवसभर बसले. पट्टीवरची रेघ हलली नाही. मेहुणा डबा घेऊन आला होता, त्यानं खड्ड्यात वाकून पाहिलं आणि सुचवलं, की थोडं पाणी हातानं काढून टाकलं तर कुणाला काय कळणार आहे. नानांनी त्याच्याकडं त्याच नजरेनं पाहिलं, ज्या नजरेनं त्यांनी पूर्वी पारड्याखाली चिकटवलेलं शिसं शोधून काढलं होतं. मेहुणा मुकाट्यानं डबा उघडून बसला. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पाणी होतं तेवढंच होतं, फक्त त्यात एक बेडूक येऊन राहिला होता आणि त्याला जागा पसंत पडलेली दिसत होती.

उरला जमिनीचा मागचा, उताराकडचा कोपरा. तिथं तिसरा खड्डा घेतला. नानांनी पाणी भरलं, पट्टीवरची रेघ पाहिली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. पाणी वर चढत होतं.

सबंध नोकरीत त्यांनी पुष्कळ चमत्कारिक तराजू पाहिले होते. माल न ठेवताच खाली जाणारं पारडं पाहिलं होतं. पण ओतलेल्यापेक्षा जास्त झालेलं पाणी त्यांनी पाहिलं नव्हतं. ते गुडघे टेकून वाकले आणि तेव्हा त्यांना वास आला. हा वास कशाचा, हे सांगायला कुठल्याही खात्यात नोकरी करावी लागत नाही. खड्डेवाल्यानंही वास घेतला. या वेळी तो मातीबद्दल काही बोलला नाही.

कार्यालयात कारकून म्हणाला, भूजल लागलं म्हणजे आता पाण्याचा नमुना तपासायला हवा. नानांनी एका स्वच्छ बाटलीत नमुना घेतला, तिला गच्च बूच लावलं, कागदात गुंडाळलं आणि बसमध्ये ती मांडीवर धरून प्रयोगशाळेकडं निघाले. बूच तितकंसं गच्च नसावं. थोड्या वेळानं पुढच्या बाकावरच्या बाईंनी रुमाल नाकाला लावला. मग मागचा माणूस उठून उभा राहिला. कंडक्टर तिकिटं फाडत आला, नानांजवळ थबकला, त्यांच्या ओल्या मांडीकडं त्यानं पाहिलं आणि अतिशय मायेनं विचारलं, "आजोबा, पुढच्या स्टॉपला थांबवू का? सोय आहे तिथं." सगळी बस आता सहानुभूतीनं पाहत होती. नानांनी सांगायला सुरुवात केली, की हे आपलं नाही, हा नमुना आहे. पण हे वाक्य जसजसं पुढं गेलं तसतसं ते आणखीच वाईट होत गेलं, तेव्हा ते पुढच्या स्टॉपला उतरून उरलेलं अंतर चालत गेले.

तपासणीत काय निघणार ते ठरलेलंच होतं. पाण्यात मैला होता. नानांनी तो अहवाल कार्यालयात नेऊन दिला आणि काही दिवसांनी त्यांना नोटीस आली. खड्डा नानांच्या जमिनीत, खड्ड्यातलं पाणी दूषित, तेव्हा भूजल दूषित केल्याबद्दल कारवाई का करू नये, याचा खुलासा नानांनी करावा.

नाना नोटीस घेऊन खिडकीशी गेले. कारकुनाची सर्दी अजून गेली नव्हती. त्यानं शांतपणे विचारलं, "तुम्ही किंवा घरच्या कुणी त्या खड्ड्याचा वापर केलाय का?"

"कसला वापर?" नानांनी विचारलं, आणि मग त्यांना कळलं.

मागं रांगेत माणसं होती. नानांचे कान लाल झाले. सरकारी सेवेत ज्यांच्यावर एक शिंतोडा उडाला नाही, त्यांना आता लेखी द्यायचं होतं, की सदर खड्ड्यात आपण वा आपल्या कुटुंबीयांपैकी कुणीही कधीही बसलेलं नाही. त्यांनी ते लिहून दिलं. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं नाही. घरी येऊन त्यांनी नानींना सांगितलं, तेव्हा नानींनी पदर तोंडाला लावला. त्यांना हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. बऱ्याच वेळानं त्या थांबल्या आणि गॅलरीकडं बघत म्हणाल्या, "एवढं सगळं माझ्यामुळं." नाना म्हणाले, "तुझ्यामुळं कशाला? घुशींमुळं." पण आता दोघांनाही हसू आलं नाही.

खुलासा पुरेसा नव्हता. मैला नानांचा नाही, तर कुणाचा, हे दाखवायला हवं होतं. प्रयोगशाळेतल्या माणसाला त्यांची दया आली. त्यानं एक पुडी दिली. आतली पूड पाण्यात पडली की हिरवा रंग चढे; पोटात गेली तरी काही अपाय नाही. शेजारच्या संडासात टाका, तो म्हणाला, आणि हिरवं पाणी तुमच्या खड्ड्यात येतंय का ते बघा.

शेजार एकच होता. नाना ती पुडी खिशात घेऊन कितीतरी दिवस फिरले. ज्या बाईनं आपल्याला रोज चहा दिला, तिला कोणत्या तोंडानं सांगायचं, की तुमच्या संडासाबद्दल आमच्या मनात संशय आहे? मेहुण्याला हा प्रश्नच कळेना. "सांगायचं कशाला? जायचं म्हणावं आणि जाऊन यावं. कुणी नाही म्हणतं का?"

नानांनी तसं केलं. पोटावर हात ठेवून ते बाईंच्या दारात उभे राहिले, तेव्हा बाई लगबगीनं पुढं झाल्या, दिवा लावून दिला, धुतलेला टॉवेल काढून दिला. नानांनी आत जाऊन कडी लावली, पुडी ओतली, पाणी सोडलं आणि उगाचच थोडा वेळ थांबले. बाहेर आले तर बाईंनी लिंबू पिळून सरबत करून ठेवलं होतं. "माझंही पोट नेहमी बिघडतं," त्या म्हणाल्या. "वयच झालं." नाना ते सरबत प्यायले. आपण चोर आहोत असं त्यांना वाटलं, आणि चोरी काय केली तेही सांगता येईना.

पुढच्या खेपेला त्यांनी आधी मागचा कोपरा गाठला. खड्ड्यातलं पाणी हिरवं झालं होतं, पोपटासारखं. नानांना पहिल्यांदा वाटला तो आनंद. नोटीस संपली, अब्रू परत आली. ते वळले तर बाई समोरून येत होत्या. त्यांच्या हातात पाण्याची कळशी होती आणि चेहरा उतरला होता.

"नाना, तुम्ही सरकारात होता," त्या म्हणाल्या. "तुम्हीच बघा. सकाळपासून विहिरीला हे असं पाणी येतंय."

कळशीतलं पाणी हिरवं होतं.

खड्ड्याचा विचार नानांनी केला होता. विहिरीचा केला नव्हता. विहीर टाकी आणि खड्ड्याच्या बरोबर मध्ये होती, नाना तिच्या शेजारूनच रोज जात होते, तिचं पाणी पीत होते, आणि तरी ते त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी सांगितलं: पुडी, संडास, पोटावर ठेवलेला हात, सगळं. टाकी कधी भरली नाही, कारण ती खालून मोकळी होत राहिली, हेही सांगितलं. ते बोलत असताना बाई खड्ड्यातून काढलेल्या मातीच्या ढिगावर बसल्या. कळशी त्यांनी मांडीवरच धरली होती.

त्या रागावतील असं नानांना वाटलं. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आमचे हे काविळीनं गेले."

नानांना हे ठाऊक नव्हतं. घरात फोटो होता, नानांनी तो पाहिला होता, पण माणूस कशानं गेला हे काही फोटोवर लिहिलेलं नसतं.

"डॉक्टर म्हणाले होते, बाहेरचं काही खाऊ-पिऊ नका. बाहेरचं ते कधी घ्यायचेच नाहीत. मी घरचंच पाणी द्यायची. सारखी तहान लागायची त्यांना." मग त्यांनी नानांकडं पाहिलं. "कावीळ पाण्यानं होते का हो?"

नानांनी खड्ड्याकडं पाहिलं, कुंपणाकडं पाहिलं. "तसं नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले. "खूप कारणं असतात."

बाईंनी मान हलवली. कळशी गवतात ओतली आणि घराकडं गेल्या. त्या दिवशी चहा झाला नाही.

यानंतर कार्यालयाचं काम कधी नव्हे ते झटपट झालं. माणसं आली, पाहून गेली. विहिरीवर तांबडा फलक लागला. बाईंना टाकी फोडून नवी बांधायला सांगितलं, रोपांसाठी टँकरनं पाणी आणायला सांगितलं. नानांना बोलावून कारकुनानं अभिनंदन केलं. त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला होता. आणि भूजल इतक्या वर असल्यामुळं त्या सगळ्या पट्ट्यात नव्या सेप्टिक टँकला यापुढं परवानगी मिळणार नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर, एकाखाली एक होत्या. "तुम्ही पुरावा फार चांगला दिलात," कारकून म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "एवढा पुरावा कुणी देत नाही."

मेहुण्याचा फोन आला. त्याला वाईट वाटलं होतं, पण फार वेळ नाही. पाणी इतकं वर आहे तर भाऊजींनी तिथं मासे पाळावेत, असं त्याला वाटत होतं. नानांनी फोन ठेवून दिला.

त्यांना सगळ्यांत अवघड वाटत होतं ते नानींना सांगणं. त्या गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. नाना शेजारी बसले आणि घर होणार नाही, एवढं बोलून थांबले. मग हळूहळू बाकीचंही निघालं. विहीर, कळशी, बाईंचा नवरा, आणि बाईंनी विचारलेला प्रश्नसुद्धा. नानींनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यांच्याजवळ कोण आहे आता?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मला घेऊन चला तिकडं."

नानांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. चौथा मजला, गुडघे, या सगळ्याची त्यांनी आठवण करून दिली. डॉक्टरकडं न्यायचं म्हटलं तरी नानी उतरायला तयार होत नसत. डॉक्टरलाच वर यावं लागे. पण नानी खुर्चीचा हात धरून उठल्या होत्या.

त्या उतरल्या त्या बसून. एका पायरीवर बसायचं, हातांवर भार द्यायचा, खालच्या पायरीवर सरकायचं. नाना पुढं, उलटे, त्यांच्याकडं तोंड करून, पडल्या तर धरायला. आपण पडलो तर कोण धरणार, हा विचार त्यांच्या मनात आला, पण तो त्यांनी बाजूला ठेवला. समोरच्या काकूंनी दार उघडलं आणि, विशेष म्हणजे, एकही सल्ला न देता बरोबर चालू लागल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी घरातून उशी आणून दिली. प्रत्येक जिन्याच्या वळणावर नानी भिंतीला टेकून डोळे मिटत. मग म्हणत, "चला."

रोपवाटिकेशी पोचले तेव्हा ऊन कललं होतं. रिक्षातून उतरून नानी दोन काठ्यांवर भार देत, नानांच्या खांद्याला धरून आत गेल्या. बाई रोपांना टँकरचं पाणी घालत होत्या. निम्मी रोपं वाळली होती. त्यांनी नानींना कधी पाहिलं नव्हतं, पण विचारलं नाही. बाक पुसला, नानींना बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

नानांना तिथं थांबावंसं वाटेना. फावडं कुंपणाला टेकवून ठेवलेलं होतं. ते घेऊन ते मागच्या कोपऱ्यात गेले आणि खड्डा बुजवू लागले. हिरवा रंग केव्हाच गेला होता. मातीचं पहिलं ढेकूळ पाण्यात पडलं तेव्हा पाणी त्यांच्या शर्टावर उडालं. ते पुढं ओढत राहिले. तिथून दोघींचे शब्द ऐकू येत होते, म्हणून त्यांनी फावड्याचा आवाज जरा मोठा ठेवला, म्हणजे आपण ऐकत नाही असं त्यांना वाटावं. आधी गुडघ्यांचं बोलणं झालं. मग नवऱ्यांचं. नानींनी आपल्या नवऱ्याबद्दल काहीतरी सांगितलं आणि बाई किंचित हसल्यासारखं वाटलं. नंतर बाईंनी तो प्रश्न विचारला. अगदी त्याच शब्दांत.

नानांचं फावडं थांबलं.

"हो," नानी म्हणाल्या. "पाण्यानं होते. तुम्हाला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं."

"मलाही तसंच वाटत होतं," बाई म्हणाल्या. "कुणी म्हणत नव्हतं, एवढंच." आणि मग त्या रडू लागल्या. नानींनी त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. नाना वाकून माती ओढत राहिले. तो खड्डा भरला, मग ते दुसऱ्याकडं गेले. त्यातला बेडूक त्यांनी फावड्यावर घेऊन गवतात सोडला आणि मगच माती लोटली.

परत निघताना बाई म्हणाल्या, की या वर कशा जाणार, मी येते. नानांनी नको म्हटलं, नानींनी सरकून जागा केली, आणि बाई रिक्षात बसल्या. वर जाणं उतरण्यापेक्षा कितीतरी कठीण होतं. एका बाजूनं नाना, एका बाजूनं बाई, असं करत पहिला मजला झाला आणि नानी पायरीवर बसल्या. तिघांनाही दम लागला होता. आवाज ऐकून वकील खालून वर आले आणि त्यांनी विचारलं, घराचं कुठवर आलं.

"नाही होत," नाना म्हणाले.

कायद्याचं काहीतरी वकिलांच्या ओठावर आलं असावं, पण त्यांनी ते गिळलं.

"वकीलसाहेब," नानी म्हणाल्या, "जरा पाणी आणा बरं. बाईंना तहान लागली असेल."

वकील धावत खाली जाऊन पेला भरून घेऊन आले. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि जिन्यातल्या खिडकीच्या उजेडाकडं धरला. तसाच धरून त्या काही वेळ बघत राहिल्या. कुणी घाई केली नाही. मग त्यांनी पेला तोंडाला लावला, सगळं पाणी प्यायल्या आणि वकिलांपुढं पेला धरून आणखी मागितलं.